रकाना सहावा

नुकुसहून निघालो तेव्हा गाडीत
चार माणसं, दोन रेकॉर्डर, तीन खरबुजं
आणि विद्यापीठाचा छापील तक्ता, आठ रकान्यांचा.
वर प्रकल्पाचं नाव: जगाच्या भाषा, संस्कृती आणि शाश्वतता.
शाश्वततेला काराकाल्पाकमध्ये काय म्हणावं
यावर विभागात तीन बैठका झाल्या.
चौथीला नुसताच चहा झाला.

मुइनाकला बंदर आहे, समुद्र नाही.
माणसांच्या तोंडचं पाणी पळतं म्हणतात,
इथे पाण्यानेच तोंड फिरवलं
आणि गेलं दीडशे किलोमीटर, पाठमोरं.
वेशीवरच्या पाटीत मासा मात्र अजून उडी मारतोय.
कुणीतरी दर वसंतात त्याला निळा रंग देतं.

उल्तुवार आपांनी आधी खरबूज ठोकून पाहिलं,
मग आम्हाला आत घेतलं.
मासळीच्या कारखान्यात एकतीस वर्षं
पट्ट्यापाशी उभं राहून गुडघे गेलेले.
माशांची नावं सांगा, आपा, मी म्हटलं.
सझान, म्हणाल्या. बेक्रे. कायाझ. लाक्का.
भराभर, हजेरी घेतल्यासारखी,
आणि थांबल्या.
ही असतील तुमच्याकडे.
होती. कोशात, चित्रांसकट.

दुसरी सांगू?

समुद्र हटला तरी कारखाना चालूच होता.
मासे रेल्वेने यायचे, कुठल्या कुठल्या थंड पाण्यातून,
विटांसारखे गोठलेले, पेटीवर रशियन आकडे.
असले जीव आमच्या बापजाद्यांनी पाहिले नव्हते,
त्यांना आमच्यात नाव नव्हतं.
दिवसभर हातात घ्यायचं आणि नावाने हाक नाही,
बरं दिसतं का?
म्हणून आम्ही बायकांनी नावं ठेवली.
दोन्ही अर्थांनी.
चपटा, एकाच अंगाला दोन्ही डोळे असलेला, तो मुकादम.
पेटीत हा एवढा, वितळला की मूठभर,
ती जावयाची भेट.
आणि एकाला नुसतंच, बिचारा.
रुमालाचं टोक तोंडाला लावून
आपा इतक्या हसल्या की रेकॉर्डरचा काटा लाल झाला.

पाहुण्या प्राध्यापक लीसलोट, गेंटहून आलेल्या,
ओराझबाय सरांना हळूच म्हणाल्या,
हे वारशात धरायचं का?
सरांनी चष्मा पुसला. मग पुन्हा पुसला.

रकाना पाचवा: शब्दाचं मूळ.
मी लिहिलं: दुसरी पाळी, पट्टा तीन.
रकाना सहावा: शब्द आज वापरात आहे का?
बिबायम होती तोवर होता, आपा म्हणाल्या,
ती जानेवारीत गेली.
एकटीने कसा वापरायचा शब्द?
भिंतीला सांगू, मुकादम आला म्हणून?

लीसलोटबाईंनी शेवटी शाश्वततेचं विचारलंच.
मी भाषांतर केलं: टिकणं.
आपा म्हणाल्या, टिकणं झाकणावर असतं.
झाकण नीट बसलं नाही तर तिसऱ्या दिवशी डबा फुगतो,
मग आत बेक्रे असो नाहीतर बिचारा.

हे वाक्य अहवालात आहे, पान चार, चौकटीत.
बेक्रेपर्यंतच.
बिचारा, मुकादम आणि जावयाची भेट
तळटीपेत आहेत, पडताळणी बाकी.

मंगळवारी नुकुसच्या बाजारात
बर्फाच्या पेटीत मला तो दिसला,
चपटा, दोन्ही डोळे माझ्या बाजूला.
तोंडातून निघून गेलं,
मुकादम कसा दिला?

विकणारा पोरगा विशीतला, कानात गाणं.
त्याने एक कान मोकळा केला.
माझ्याकडे पाहिलं, माशाकडे पाहिलं,
डोळे मोजले बहुधा,
आणि म्हणाला,
मोठा मुकादम हवा की धाकटा?

धाकटा, मी म्हटलं.
विद्यावेतन अजून आलेलं नाही.